‘चकली बिघडली, मदत करा’

२०१० च्या दिवाळीआधी एका मराठी संकेतस्थळावर संध्याकाळी एक धागा, म्हणजे चर्चेचा नवा विषय, आला. शीर्षक होतं ‘चकली बिघडली, मदत करा’. आत मजकूरही तेवढाच, वर एक ‘प्लीज’. अर्ध्या तासात अठरा प्रतिसाद पडले. कुणी म्हणालं मोहन कमी पडलं, कुणी म्हणालं जास्त झालं. कुणी तेल नीट तापलं नसेल म्हणून सांगितलं. एकीनं आपल्या आजीची भाजणी अख्खी लिहून काढली, तर दोघांनी विकतच्या चकल्या कुठे चांगल्या मिळतात ते कळवलं. धागा काढणारी मात्र गप्प.

मग एका बाईंनी पाच प्रश्न विचारले. या बाई एरवी महिन्यातून एखादाच प्रतिसाद द्यायच्या. भाजणी घरची की विकतची? किती वाट्यांना किती मोहन घातलं? पीठ गार पाण्यात भिजवलं की गरम? भिजवून किती वेळ झाकून ठेवलं? आणि बिघडली म्हणजे नेमकं काय झालं: सोऱ्यातून पडतानाच तुटते, तेलात विरघळते, की तळून काढल्यावर मऊ पडते?

दहा मिनिटांत उत्तर आलं. विकतची भाजणी, दोन वाट्या. मोहन अर्धी वाटी. तेलात सोडली की फेस येतो, काटे विरघळतात आणि तळाशी चुरा बसतो. बाईंनी लिहिलं, मोहन भलतंच जास्त झालंय, वाटीला एक मोठा चमचा पुरे. त्याच पिठात आणखी तीन वाट्या कोरडी भाजणी घाला, तेलाचा आता थेंबही नको, कडकडीत पाण्यानं भिजवा, अर्धा तास झाका, चांगलं मळा आणि आधी एकच चकली तळून बघा.

रात्री साडेअकराला फोटो आला. स्टीलच्या ताटलीत चार चकल्या, काटे उभे. खाली एकच शब्द: ‘जमली!’ ती मुलगी अमेरिकेत मिनेसोटात होती, तिच्याकडे तेव्हा दुपार. सासर-माहेर दोन्ही दूर. आणि जिला तिनं आयुष्यात पाहिलं नाही, अशा एका बाईनं तिच्या चकलीसाठी संध्याकाळचा तास दिला. आंतरजालावरच्या चर्चेचं सुख काय, असं मला कुणी विचारलं की मी तो धागा उघडून दाखवते. तो अजून आहे. दर दिवाळीला कुणीतरी तो वर काढतं आणि कुणाची तरी चकली सुधारते.

मी सांगलीची. चौतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवलं. २००८ मध्ये मुलगी शिकायला बाहेर गेली आणि जाताना घरच्या संगणकावर मला ही मराठी चर्चेची संकेतस्थळं उघडून देऊन गेली. रोमन कळा दाबून मराठी उमटवायची गमभनसारखी सोय होती. कॅपिटल एल दाबला की ‘ळ’ येतो हे कळलं त्या दिवशी मी पाच मिनिटं नुसतं ‘कमळ’, ‘बाळ’, ‘सकाळ’ लिहीत बसले होते. मायबोली १९९६ पासून होती, मनोगत २००४ पासून, मिसळपाव २००७ मध्ये आलं आणि ऐसी अक्षरे २०११ मध्ये. आज बरीच माणसं फेसबुकच्या ग्रुपवर, व्हॉट्सॲपवर किंवा रेडिटवर असतात. पण जागा बदलली तरी चर्चेत कसं उतरावं हे फारसं बदललेलं नाही. नव्यानं येणारी मंडळी मला विचारतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आल्या आल्या लिहू नका. निदान दोन-तीन आठवडे वाचनमात्र राहा. प्रत्येक ठिकाणची बोली वेगळी असते. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, ‘पुभाप्र’ म्हणजे पुढच्या भागाची प्रतीक्षा, ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोप, मायबोलीवर ‘विपू’ म्हणजे विचारपूस, म्हणजे सदस्याच्या पानावर जाऊन लिहिलेले चार शब्द. हे कुणी शिकवत नाही, वाचून समजतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण कशातलं जाणकार आहे हे समजतं. एखादा आयडी, म्हणजे सदस्य, राजकारणाच्या धाग्यावर भांडखोर वाटतो आणि तोच किल्ल्यांच्या वाटांबद्दल इतकं नेमकं लिहितो की त्याच्या भरवशावर ट्रेक ठरवावा. दोन्ही पाहिल्याशिवाय माणसाबद्दल मत करून घेऊ नका. आणि आपला प्रश्न आधी कुणी विचारलाय का ते शोधा. निम्म्या प्रश्नांची उत्तरं जुन्या धाग्यांत असतात, तीही आज मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा पुष्कळदा सविस्तर.

आता प्रश्न कसा विचारायचा. शाळेत मुलं प्रयोगशाळेतून येऊन सांगायची, ‘बाई, प्रयोग चुकला.’ मी विचारायचे, काय केलंस? काय व्हायला हवं होतं? काय झालं? मग तू काय करून पाहिलंस? या चार प्रश्नांची उत्तरं देता देताच अर्ध्या मुलांना आपली चूक सापडायची. धागा काढतानाही हीच चार उत्तरं आधीच लिहा. ‘कुंडीतला गुलाब मरतोय’ यापेक्षा ‘पश्चिमेच्या गॅलरीत, बारा इंची कुंडी, रोज पाणी घालते, महिन्याभरात खालची पानं पिवळी होऊन गळताहेत, पंधरा दिवसांपूर्वी शेणखत घातलं’ असं लिहिलंत तर जाणकार माणूस एका ओळीत सांगेल की पाणी कमी करा आणि कुंडीचं भोक बुजलंय का बघा. शीर्षकात विषय हवा. ‘तातडीनं मदत हवी’ या शीर्षकाचा धागा पाच वर्षांनी कुणाला शोधून सापडणार?

हे पाच वर्षांनंतरचं मी मुद्दाम म्हणते. चर्चा दोघांत चालली आहे असं वाटतं तेव्हाही ती वाचणारे शंभर असतात, त्यातले कित्येक कधीच लिहीत नाहीत, आणि काहींनी तर तेव्हा संगणकही घेतलेला नसतो. त्यांच्यासाठी एक गोष्ट कराच: काय झालं ते परत येऊन सांगा. औषध फवारलं, मग कीड गेली का? गॅस एजन्सीला पत्र दिलं, मग नाव बदलून मिळालं का? मराठी संकेतस्थळांवर असे हजारो धागे असतील जिथे वीस जणांनी जीव तोडून सल्ले दिले, विचारणाऱ्यानं ‘धन्यवाद, करून बघते’ लिहिलं आणि पुढे सगळं शांत. वाचणाऱ्याला कळतच नाही की त्या वीसांतला कुठला सल्ला खरा. ‘जमली!’ या एका शब्दानं त्या चकलीच्या धाग्याला जी किंमत आली, ती आजीच्या अख्ख्या भाजणीनंही आली नव्हती.

उत्तर देणार असाल तर तुम्हाला ते कुठून माहीत आहे ते सांगा. मी तीन शब्द वापरते: ‘केलंय’, ‘पाहिलंय’, ‘ऐकलंय’. मोहन जास्त झालं की चकली विरघळते हे मी केलंय. तांदळाच्या चकलीत लोणी घालतात हे मी शेजारी पाहिलंय. साबुदाण्याची चकली वर्षभर टिकते हे ऐकलंय. वाचणाऱ्यानं मग कशावर किती विसंबायचं ते त्याचं तो ठरवतो. आजारपणाच्या धाग्यावर मी फक्त सोबत करते. कुठल्या तपासण्या असतात, दवाखान्यात जाताना कुठले कागद न्यावेत, रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्यानं काय खावं, हे सांगते. गोळी कुठली, किती, बंद करावी की नाही, हे कधीच नाही. मधुमेहाच्या धाग्यावर कुणीतरी हमखास येऊन काढा सुचवतं आणि गोळ्या सोडल्याचं अभिमानानं लिहितं. तिथे एकच ओळ लिहा, पण न चुकता लिहा: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. भांडण होईल म्हणून ती ओळ टाळू नका.

आता मराठीतल्याच एका अडचणीबद्दल. आपल्या भाषेत माणसाला हाक मारल्याशिवाय बोलता येत नाही, आणि हाक मारायची तर तू, तुम्ही की आपण हे ठरवावं लागतं. समोर टोपणनाव असतं. वय माहीत नाही, बाई की पुरुष माहीत नाही. ‘तुम्ही छान लिहिलं आहे’ यात धकून जातं, पण ‘तू कुठे गेला होतास’ म्हटलं की फसलं. मी पहिले सहा महिने सगळ्यांना ‘तुम्ही’च म्हणत होते आणि तेच बरोबर होतं. समोरच्यानं स्वतःहून ‘अहो, मला अरेतुरे करा’ म्हणेपर्यंत थांबा. ‘काकू’ आणि ‘काका’ तर विचारल्याशिवाय नकोच; तिशीतल्या मुलीला कुणी स्वयंपाक चांगला येतो म्हणून ‘काकू’ केलं तर तिला ते लागतं. आणि उलटी खूणही ओळखायला शिका. इतके दिवस ‘तू’ म्हणणारा माणूस अचानक ‘आपण’ वर आला, ‘आपल्या व्यासंगाविषयी आदर आहेच, तथापि’ असं लिहू लागला, की तो रागावला आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन वाढलं की प्रेम कमी झालेलं असतं. तिथे आणखी एक मुद्दा मांडू नका. ‘माझं काही चुकलं का?’ एवढंच विचारा. माझा अनुभव आहे, दहातल्या सात वेळा तेवढ्यानं गाडं रुळावर येतं.

लेखी बोलण्याला सूर नसतो ही अडचण जुनीच आहे. १९८२ च्या सप्टेंबरची १९ तारीख. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या चर्चेत थट्टेनं लिहिलेलं लोक खरं धरत होते, म्हणून स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं की विनोदापुढे दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस असं आडवं हसू काढावं. आजच्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांचा तो आजा. जिथे मुळातच एकाच विद्यापीठातली माणसं बोलत होती तिथेही हे लागलं, मग आपल्याला का नाही लागणार? ‘काय शहाणा आहेस रे’ हे आई मुलाला म्हणते आणि बॉस हाताखालच्यालाही म्हणतो. आवाज नसेल तर दोन्ही सारखंच दिसतं. थट्टा करायचीच असेल तर जुन्या ओळखीच्या माणसाशी करा, आणि ती थट्टा आहे हे दिसू द्या.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. त्या सुमाराला माध्यमाचा धागा निघतोच: मुलांना मराठी शाळेत घालावं की इंग्रजी? माझा हा जिव्हाळ्याचा विषय, आयुष्य त्यात गेलं. एका बाईंनी लिहिलं की आम्ही मुलाला इंग्रजी शाळेत घातलंय, पण घरी मराठी बोलतो, सगळ्यांना आजच्या शुभेच्छा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी लिहिलं, मुलांना इंग्रजी शाळेत घालायचं आणि वर्षातून एक दिवस मराठीचे गोडवे गायचे, याला काय म्हणावं? भराभर ‘+१’, म्हणजे ‘मीही सहमत’, असे प्रतिसाद आले. कुणी ‘बाईंना दंडवत’ लिहिलं. मी समाधानानं झोपले.

सकाळी त्यांचं उत्तर आलेलं होतं. यजमान सैन्यात. सात वर्षांत चार गावं झाली, त्यातलं एकही महाराष्ट्रात नाही. आता आसामात आहेत. मुलगा रोज रात्री झोपण्याआधी मराठीचं एक पान मोठ्यानं वाचून दाखवतो. पुस्तकं सुट्टीत पुण्याहून नेतात, सामानाच्या वजनात बसतील तेवढी. शेवटी लिहिलं होतं, ‘बाई, तुम्ही आधी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.’

मी त्याच धाग्यावर माफी मागितली. व्यनितून मागितली असती तर मला सोपं गेलं असतं, पण चारचौघांत दुखावलं तर चारचौघांतच मागायला हवी. आधीचा प्रतिसाद पुसला नाही. पुसला की खालच्या बोलण्याचा संदर्भ तुटतो आणि आपलं पाप तेवढं लपतं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत व्हावं हे माझं मत आजही तेच आहे, पण ते मत घेऊन मी त्या बाईंच्या घरात शिरले होते, आणि ते घर मला माहीतच नव्हतं. त्या बाई नंतर आठ महिने तिथे फिरकल्या नाहीत. परत आल्या त्या एका पुस्तकाच्या धाग्यावर. आज आमचं चांगलं जमतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. वादाचं उत्तर रात्री लिहून वहीत ठेवते आणि सकाळी चहा झाल्यावर वाचते. पाठवण्यासारखं असेल तरच पाठवते. निम्मी उत्तरं वहीतच राहिली आहेत. दुसरं म्हणजे कुणाच्या निर्णयावर बोलण्याआधी एक साधा प्रश्न विचारते: ‘असं का ठरवलंत?’ हा प्रश्न खोचक नाही हे कळावं म्हणून त्यासोबत स्वतःचं एक वाक्य जोडते, आम्ही काय केलं आणि कुठे अडलो ते.

‘+१’ची चटक वाईट. प्रतिसाद किती आले हे मोजायला लागलात की तुम्ही नकळत भांडण लागेल असंच लिहू लागता, कारण भांडणाचा धागा शंभरी गाठतो आणि उत्तम माहितीच्या लेखाला चार ‘पुलेशु’ मिळतात. ऐसी अक्षरेवर प्रतिसादांना ‘मार्मिक’, ‘माहितीपूर्ण’, ‘रोचक’, ‘निरर्थक’ अशा श्रेणी देता येतात, ती पद्धत मला मनापासून आवडली. नुसता आकडा बघण्यापेक्षा कशासाठी दाद मिळाली ते कळतं. काडी टाकून जाणारे सगळीकडे असतात. त्यांना उत्तर देऊ नका, त्यांच्याबद्दलही लिहू नका. संपादकांना कळवा आणि वरच्या मूळ प्रश्नाला उत्तर द्या, म्हणजे धागा पुन्हा विषयावर येतो. चर्चा माणसाच्या जातीवर घसरली की मात्र मी उठते. तिथून कुठलाही धागा परत आलेला मी पाहिला नाही.

टोपणनाव घ्यायला हरकत नाही. पुष्कळ बायका त्याशिवाय मोकळं लिहू शकल्या नसत्या. पण ते पातळ कापड आहे, चिलखत नाही. गाव, शाळा, मुलांची इयत्ता, नवऱ्याचं कार्यालय असं वेगवेगळ्या धाग्यांवर एकेक सांगत गेलात की कुणीही जोडून बघू शकतं. माझ्या एका माजी विद्यार्थ्यानं मला टोपणनावावरून नाही, प्रयोगशाळेतल्या खिडकीच्या वर्णनावरून ओळखलं. तो गुणी मुलगा म्हणून आनंद झाला, पण धडाही घेतला. घराचा पत्ता, प्रवासाच्या तारखा, मुलांचे फोटो चर्चेत टाकू नका. व्यनितून कुणी पैशांची अडचण सांगितली तर संपादकांना दाखवल्याशिवाय काही करू नका. एकाच माणसानं दुसरा आयडी काढून स्वतःलाच ‘सहमत’ म्हणणं, म्हणजे डुआयडी, हे उघडकीला येतंच; लिहिण्याची लकब लपत नाही. आणि कायदाही आहे. आंतरजालावर आक्षेपार्ह लिहिण्याला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं, त्यावरून काहींना वाटतं आता काहीही लिहावं. बदनामीचा गुन्हा तसाच आहे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला. डॉक्टर, बिल्डर, शिक्षक यांच्याबद्दल वाईट अनुभव लिहायचा तर घडलं तेवढंच लिहा, तारीख आणि पावती हाताशी ठेवून. ‘चोर आहे’ असं लिहू नका.

चोरीवरून आठवलं. शाळेतल्या जुन्या तराजूवर मी लिहिलेला लेख तीन वर्षांनी माझ्या नणंदेनं मलाच व्हॉट्सॲपवर पाठवला, ‘वाचाच’ असं लिहून. खाली भलत्याच माणसाचं नाव. दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. आता मी नाव शेवटी टाकत नाही, मजकुराच्या मध्येच एखाद्या वाक्यात गुंफते. ते कापायला वाचावं लागतं, आणि ढकलणारे वाचत नाहीत.

जमलं तर कट्ट्याला, म्हणजे सदस्यांच्या प्रत्यक्ष भेटीला, जा. पुण्यात पाताळेश्वराच्या आवारात आमचा पहिला कट्टा झाला तेव्हा अकरा जण होते. ज्यांच्याशी वर्षभर शुद्धलेखनावरून हुज्जत घातली ते गृहस्थ माझ्यासाठी घरच्या झाडाची लिंबं घेऊन आले होते. पहिली भेट मात्र नेहमी सार्वजनिक जागी, दिवसाउजेडी आणि घरी सांगून.

गेल्या दिवाळीला चकलीचा धागा पुन्हा वर आला. नव्या सदस्येनं विचारलं होतं, ‘ज्वारीच्या पिठाची चकली तुटतेय, कुणी सांगेल का?’ मी उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात दुसऱ्याच कुणाचा प्रतिसाद आला. पाच प्रश्न होते. किती वाट्यांना किती मोहन, पाणी गार की गरम, किती वेळ झाकलं, पिठाला चिकटपणा यायला काय घातलं, आणि नेमकी केव्हा तुटते. नाव बघितलं तर मिनेसोटाची ती मुलगी. मी लिहिलेलं पुसून टाकलं.

नव्या सदस्येनं तिसऱ्या प्रश्नापर्यंतची उत्तरं दिली आहेत. चकलीचं पुढे काय झालं ते अजून तिनं कळवलेलं नाही. धागा मी खूण करून ठेवला आहे.